ग्रंथ मोठा की रिवाज? बेने इस्रायलांच्या निमित्ताने

इस्रायलच्या मुख्य रब्बी परिषदेनं १९६२ साली लग्नं नोंदवणाऱ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, काही सूचना पाठवल्या. वधू किंवा वर बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजातला असेल, तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. घराण्यात कुणी परधर्मीय आलं होतं का, सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं पुन्हा लग्न लागलं होतं का, ते पाहावं. शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे धाडावं. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींच्याच अखत्यारीत असतात, तिथे नागरी विवाहाची सोय नाही. त्यामुळे पेण, पनवेल, अलिबाग आणि मुंबई सोडून 'आपल्या' देशात गेलेल्या कोकणी ज्यूंना सांगितलं गेलं, की आधी तुम्ही ज्यू असल्याचं सिद्ध करा, मग बोहल्यावर चढा. पोलंडहून, मोरोक्कोहून किंवा येमेनहून आलेल्यांसाठी असा वेगळा नियम नव्हता. नाव घेऊन शंका घेतली गेली ती एकट्या बेने इस्रायलांवर.

त्यांनी ती निमूटपणे सहन केली नाही. निदर्शनं झाली, धरणं धरली गेली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला हा विषय हाती घ्यावा लागला. बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत अशी भूमिका संसदेनं आणि सरकारनं घेतली, आणि महिना संपता संपता रब्बी परिषदेनं त्या सूचनांमधलं समाजाचं नाव वगळलं. आपल्याकडे ही हकीकत सांगितली जाते ती बहुधा वर्णभेदाची गोष्ट म्हणून. तो भाग त्यात होताच. पण मला त्यातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो फक्त ज्यूंपुरता नाही. एखाद्या समाजानं शतकानुशतकं पाळलेल्या रिवाजाला पुरावा मानायचं, की ग्रंथात लिहिलेलं दाखवता आलं तरच तो धर्म? माझं म्हणणं असं आहे, की रब्बींच्या विद्वत्तेची परंपरा तिच्या उत्तम काळात रिवाजाच्या बाजूनं उभी राहिली आहे, आणि १९६२ सालच्या सूचना त्याच परंपरेला सोडून होत्या. आणि हे जर खरं असेल, तर कोकणातल्या ज्यूंचे मराठी धर्मग्रंथ आणि मराठी रिवाज जतन करणं हे ज्यू समाजाइतकंच आपलं, मराठी समाजाचंही काम आहे.

ज्यू धर्माला 'ग्रंथाचा धर्म' म्हणायची पद्धत आहे. ती अर्धीच खरी आहे. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, लिखित आहे, पण तिच्यासोबत एक मौखिक तोराही आहे असं रब्बी मानतात, आणि ती लिहून ठेवू नये असा दंडक तालमूदमध्ये, रब्बींच्या चर्चांच्या महाग्रंथातच, सापडतो. इसवी सन २०० च्या सुमारास येहूदा हन्नासी यांनी मिश्ना, म्हणजे त्या मौखिक नियमांचा संग्रह, सिद्ध केली, त्यानंतरही विद्यापीठांमध्ये ती तोंडपाठ म्हणणारे लोक होते. शंका निघाली की त्यांना उभं करायचं, त्यांनी पाठ म्हणायचा आणि मग चर्चा पुढे जायची. तालमूदची भाषाही त्याला साजेशीच आहे. एकजण बोलतो, दुसरा त्याला अडवतो, तिसरा आपल्या गुरूनं काय सांगितलं होतं ते आठवतो. आज ज्या पानावर जगभरचे विद्यार्थी डोकं घालून बसतात, मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला मध्ययुगीन भाष्यकार राशींचं भाष्य, दुसऱ्या बाजूला तोसाफोत ही नंतरच्या पंडितांची टिपणं, ते पान व्हेनिसमध्ये दानिएल बाँबर्ग या अँटवर्पच्या ख्रिस्ती मुद्रकानं १५२० ते १५२३ या काळात पक्कं केलं. पानांचे आकडेसुद्धा त्याचेच चालत आले. छपाईमुळे तालमूद घरोघर गेला ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच छपाईमुळे असाही समज पसरला, की जे पानावर आहे तेवढंच शास्त्र आणि जे पानावर नाही ते अज्ञान.

खुद्द तालमूद असं समजत नाही. पेसाह या मिसरमधून सुटकेच्या सणाविषयीच्या खंडात हिल्लेल या थोर पंडिताची एक कथा आहे. ती मला या सगळ्या वादाची किल्ली वाटते. एका वर्षी पेसाहचा बळी द्यायचा दिवस शनिवारी आला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी बळी द्यावा की देऊ नये, हे अधिकारी मंडळींना आठवेना. बाबिलोनहून आलेल्या हिल्लेलनं शास्त्राधार देऊन सांगितलं की द्यावा. त्यावर त्याला प्रमुख केलं गेलं आणि तो तिथे बसून इतरांना त्यांच्या आळसाबद्दल बोल लावू लागला. तेवढ्यात कुणी विचारलं, एखादा माणूस शुक्रवारी सुरी आणायला विसरला, तर शनिवारी ती हातात घेऊन यायची कशी? शब्बाथला ओझं वाहायला बंदी आहे. हिल्लेल म्हणाला, हा नियम मी ऐकला होता, पण आता विसरलो. लोकांवर सोडा, ते स्वतः संदेष्टे नसले तरी संदेष्ट्यांची लेकरं आहेत. दुसऱ्या दिवशी लोक आले. ज्याचं मेंढरू होतं त्यानं सुरी त्याच्या लोकरीत खोवलेली, ज्याचं करडू होतं त्यानं ती शिंगांमध्ये अडकवलेली. ते पाहिलं आणि हिल्लेलला नियम आठवला.

ही कथा तालमूदनं जपून ठेवली, हेच मला फार मोठं वाटतं. सर्वांत मोठा विद्वान विसरतो, आणि बाजारातून, शेतातून आलेल्या साध्या लोकांच्या हातांना ते ठाऊक असतं. विद्वानाचं काम ते पाहणं आणि ओळखणं.

पुढच्या शतकांतही हा धागा तुटलेला नाही. योसेफ कारो यांनी गॅलिलीतल्या सफेद या गावी बसून 'शुल्हान आरुख' हा धर्मनियमांचा आटोपशीर ग्रंथ लिहिला आणि तो १५६५ साली व्हेनिसला छापला गेला. कारो मूळचे स्पेनचे, त्यांचे आधार बहुतांशी सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंच्या परंपरेतले. क्राकूच्या मोशे इस्सेर्लिस यांना दिसलं, की हा ग्रंथ असाच पसरला तर पोलंड-जर्मनीकडच्या ज्यूंचे रिवाज पुसले जातील. त्यांनी प्रतिग्रंथ लिहिला नाही. कारोंच्याच ओळींमध्ये आपल्या टिपा घातल्या, 'आमच्याकडे असं करतात', 'या मुलखात रिवाज असा आहे'. तेव्हापासून दोन्ही एकत्रच छापले जातात. पेसाहच्या दिवसांत तांदूळ खावा की नाही, या बाबतीत कारो खाऊ देतात आणि इस्सेर्लिस नको म्हणतात. एकाच पानावर दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही धर्म आहेत. आपलं गाव कुठलं, आपले वाडवडील काय करत आले, त्यावर आपलं उत्तर ठरतं.

मग हाच मान कोकणाला का मिळू नये?

कोकणातल्या ज्यूंकडे पुस्तकं नव्हती, हे खरं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी घाणे घातले, तेल काढलं, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होत राहिली. 'शेमा यिस्राएल' हे एक वचन तोंडी टिकलं आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला तेच म्हटलं गेलं. दाविद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले तेव्हा हे लोक खरे कोण याची परीक्षा त्यांनी माशांवरून केली, अशी कथा आहे. त्यांनी बायकांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे ज्यू धर्मात चालणारे, तेवढे रांधायला घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. कथा शब्दशः घडली असेल-नसेल, पण तिचा रोख हिल्लेलच्या कथेसारखाच आहे. ज्ञान हातात होतं. तेही बायकांच्या हातात, चुलीपाशी, जिथे रब्बी सहसा पाहत नाहीत.

बाराव्या शतकाच्या शेवटी मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, या मोठ्या ज्यू धर्मपंडितांनी फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे. त्यांना तोरा ठाऊक नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता यांपलीकडे त्यांच्यापाशी धर्माचं काही नाही, असा त्याचा आशय. रामबाम यांचा भारताशी संबंध कोरडा नव्हता. ज्याच्या व्यापारावर त्यांचा अभ्यास चालला होता तो त्यांचा धाकटा भाऊ दाविद हिंदी महासागरात बुडून गेला, आणि त्या दुःखात ते वर्षभर अंथरुणाला खिळले. त्यांचं ते वाक्य पत्राच्या ओघात विद्येच्या ऱ्हासाबद्दल खंत करताना आलेलं आहे. पण आज ते वाचताना मला नेमकं उलटं वाटतं. पुस्तक नाही, गुरू नाही, दुसऱ्या ज्यू गावाशी नातं नाही, तरीही शब्बाथ आणि सुंता सुटली नाही. याला विद्येचा अभाव म्हणायचं की विद्येचं सामर्थ्य?

१९६२ साली रब्बींना ज्याची भीती होती, ती मी हलक्यात घेत नाही. धर्मशास्त्राप्रमाणे विधिवत सोडचिठ्ठीपत्र न मिळता बाईनं दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नाच्या संततीवर कलंक येतो आणि तो पिढ्यान् पिढ्या उतरतो. अशा संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. कोकणातल्या ज्यूंना सोडचिठ्ठीचे नियम माहीत नव्हते, तेव्हा त्यांच्यात अशी लग्नं झाली असतील तर, असा तो तर्क. एखादा प्रामाणिक रब्बी रात्री जागून विचार करील असाच हा प्रश्न आहे.

पण उत्तरही त्याच ग्रंथांत आहे. तालमूदच्या किद्दुशीन खंडात म्हटलं आहे, की एखाद्या घराण्यात काही मिसळलं असेल तर ते मिसळलं, आता उकरू नका. इस्सेर्लिस तर एक पाऊल पुढे जातात. अशा घराण्याबद्दल एखाद्याला माहीत असलं तरी त्यानं ते उघड करू नये, घराण्याला शुद्धच मानावं, असं त्यांनी 'शुल्हान आरुख'वरच्या टिपेत लिहून ठेवलं आहे. लोकांची अब्रू आणि समाजाची एकसंधता यांची इतकी काळजी घेणारं शास्त्र हातात असताना आजीच्या आजीपर्यंत चौकशी करा, असं फर्मान काढायला नको होतं. शिवाय ज्या गोष्टीचा संशय होता तिच्याविषयी समाजाचा रिवाज काय होता, हे आधी विचारायला हवं होतं. कोकणातल्या ज्यूंमध्ये सोडचिठ्ठी दुर्मीळ होती आणि विधवेचं पुन्हा लग्न शेजारच्या हिंदू समाजाप्रमाणेच त्यांनाही पसंत नव्हतं. म्हणजे जे घडलं असेल म्हणून धाक घातला गेला, ते घडण्याची शक्यता त्यांच्या रिवाजानंच फार कमी करून ठेवली होती. रिवाजाला साक्षीदार म्हणून बोलावलं असतं तर प्रकरण धर्मन्यायालयापर्यंत गेलंच नसतं.

इथे कुणी म्हणेल, विधवेच्या पुनर्विवाहाला विरोध करणारा रिवाज तुम्ही अभिमानानं सांगता? अभिमान मला मुळीच नाही. त्या रिवाजानं किती बायकांची आयुष्यं कोमेजली असतील. याच समाजात गोरे आणि काळे इस्रायल असा भेद होता. मिश्र विवाहाची संतती म्हणून ज्यांना काळे ठरवलं त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. हाही रिवाजच होता, आणि तो जाणं हेच योग्य होतं. रिवाज म्हणजे आपोआप पवित्र, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. उलट ग्रंथवेत्त्यांनी रिवाज सुधारल्याची थोर उदाहरणं आहेत. इसवी सन १००० च्या सुमारास मायन्झच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावे जे निर्बंध आले, त्यांनी एका नवऱ्याला अनेक बायका करायला मनाई केली आणि बायकोच्या संमतीशिवाय तिला सोडचिठ्ठी देता येणार नाही असं ठरवलं. त्या एका निर्णयानं युरोपातल्या ज्यू बायकांना जे मिळालं, ते आपल्याकडच्या बायकांना कायद्यानं मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. ग्रंथानं रिवाजाला प्रश्न विचारावेत. विचारायलाच हवेत. माझा आक्षेप ग्रंथानं रिवाजाला खोटं ठरवण्याला आहे.

आणि कोकणातल्या ज्यूंनी ग्रंथाला कधी पाठ दाखवली होती? संधी मिळाली तेव्हा त्यांनी पुस्तकांवर झडपच घातली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामुएल एझेकिएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. समाज त्याला मशीदच म्हणत असे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. कोचीनहून शिक्षक आले. १८४६ साली मुंबईत हग्गादा शिळाप्रेसवर छापून निघाली, पेसाहच्या रात्री घरात वाचायची ती पोथी, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. लोकहितवादींची शतपत्रं सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती, आणि कोकणातून आलेला तेली समाज मिसर देशातून सुटकेची कथा मराठीत वाचत होता.

१८७४ ची पुण्याची हग्गादा तर मला मराठी मुद्रणाच्या इतिहासातला एक दागिना वाटते. मोशे याकोब तळकर आणि आरोन दानिएल तळकर यांनी ती सिद्ध केली, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या, अंबाडे घातलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची भाकर करताना दिसतात. त्या भाकरीला मात्झा म्हणतात आणि तिचे नियम रब्बींनी बारकाईनं बांधून दिलेले आहेत. पीठ भिजल्यापासून भाजेपर्यंत अठरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये. ते नियम पाळायचे तर हात झरझर चालायला हवेत, आणि चित्रकारानं ती लगबग टिपली आहे. एका ब्राह्मणाच्या छापखान्यात हिब्रू आणि देवनागरी मजकूर एका पोथीत जुळवणाऱ्यांना किती कष्ट पडले असतील याची कल्पना करा. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे.

मग योसेफ एझेकिएल राजपूरकर आले. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. त्यांनी ज्यूंच्या प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. एका माणसानं एका समाजाचा उपासनाग्रंथ आपल्या भाषेत उभा करायचा, हे काम मराठीत इतरांच्या बाबतीत झालं तेव्हा आपण त्याची स्मारकं बांधली. राजपूरकरांचं नाव मराठी वाङ्मयाच्या किती इतिहासांत आहे? याच काळात बेन्यामीन शिमशोन अष्टमकरांसारख्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तनं रचली. ओव्या, साक्या, दिंड्या, सगळं आपलं, आणि आख्यान तोरामधलं. हा प्रकार जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात नाही. तालमूदी परंपरेत बायबलच्या कथेचा विस्तार करून उपदेश करण्याची जी जुनी रीत आहे, तिचं हे अस्सल मराठी रूप आहे. त्याला 'स्थानिक प्रभाव' म्हणून बाजूला ठेवायचं कशाला? अरबी वृत्तांत रचलेल्या स्पेनच्या हिब्रू कविता आज प्रार्थनापुस्तकांत मानानं बसल्या आहेत, मग साकी-दिंडीनं काय घोडं मारलं?

हैम सामुएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहून १८९७ मध्ये पुरा केला. त्यात कोकणातले जुने सण नोंदलेले आहेत, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा उपास. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर केहीमकर जाऊन कैक वर्षं झाली होती. चाळीस वर्षं ते हस्तलिखित पडून होतं. ते एखाद्या पावसाळ्यात भिजलं असतं, तर खिरीच्या सणाबद्दल आज आपल्याला काय कळलं असतं?

मलिद्याचं उदाहरण घेऊ. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नवी वास्तू घेतली की ताट मांडायचं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांचं गाणं म्हणायचं, एकेका फळावर त्या त्या जातीचा आशीर्वाद उच्चारायचा आणि सगळ्यांना वाटायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावरची खूण एलियाहूंच्या रथाची आहे अशी श्रद्धा आहे. ग्रंथी माणूस विचारील, हे शुल्हान आरुखमध्ये कुठे आहे? ताट म्हणून कुठेच नाही. पण झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा, हे सारे भेद मिश्नाच्या पहिल्याच खंडातले आहेत. कोकणातल्या बाईनं ते पोह्यांच्या ताटाभोवती मांडले. तसंच किद्दुशला, म्हणजे शब्बाथ-सणांना पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाईनऐवजी बेदाण्यांचं शरबत घेण्याचं. द्राक्षाची दारू जिथे सहज मिळत नव्हती तिथे हा रिवाज पडला, आणि बेदाण्याचा रस किद्दुशला चालतो हे तालमूदला मान्यच आहे. मटण नारळाच्या दुधात शिजवायचं, म्हणजे मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियमही राहतो आणि चवही राहते. या गोष्टी धर्माच्या कडेला नसून गाभ्यात आहेत, असं माझं ठाम मत आहे.

आता धोका रब्बींच्या फर्मानाचा नाही. समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिकडून निघत आलं आहे. पण नातवंडं हिब्रूत बोलतात. शाळेत जे छापील प्रार्थनापुस्तक मिळतं, त्यातले सूर आणि क्रम ती शिकतात. कुणी बंदी घातलेली नसताना एक चाल विसरली जाते, मग दुसरी. इकडे भारतात पाचएक हजार ज्यू उरले असतील, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

जीर्ण झालेली पोथी फेकायची नाही, देवाचं नाव असलेला कागद जाळायचा नाही, तो कोठीत ठेवायचा किंवा पुरायचा, अशी ज्यूंची रीत आहे. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत असे कागद जवळजवळ हजार वर्षं साचत गेले. तिथली हवा कोरडी. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर या अभ्यासकानं त्यातले सुमारे एक लाख त्र्याण्णव हजार तुकडे केंब्रिजला नेले आणि मध्ययुगाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. कोकणात असं काही सापडण्याची आशा धरू नये. चार महिने पाऊस, वर्षभर दमट हवा, वाळवी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखित नकला होत्या म्हणून ते काव्य वाचलं. छापलं म्हणजे टिकलं, असं आपल्या किनाऱ्यावर तरी समजू नये.

क्रिस्तपुराण ख्रिस्ती आहे म्हणून मराठीनं ते नाकारलं नाही. शेख महंमदांना आपण संतकवी मानतो. मग मराठी हग्गादा, मराठी सिद्दूर म्हणजे प्रार्थनापुस्तक, मराठी ज्यू कीर्तन यांना मराठीच्या घरात जागा हवी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यासोबत संशोधन आणि जतनाच्या योजनांची चर्चा सुरू झाली. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जाही दिला. सरकारी पैसा धार्मिक पुस्तकांवर का, असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की ज्ञानेश्वरीची राजवाडे प्रत शोधताना आणि छापताना आपण हा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारायला नको हे बरोबरच होतं. ती भाषेची ठेव आहे. हीदेखील आहे.

काम काय आहे ते स्पष्ट आहे. १८४६ पासूनच्या सगळ्या मराठी ज्यू पुस्तकांची एक यादी व्हावी. त्यातल्या बऱ्याच प्रती जेरुसलेम आणि लंडनच्या ग्रंथालयांत असतील, त्यांच्याशी करार करून त्यांच्या चांगल्या प्रतिमा मराठी वाचकाला फुकट उपलब्ध व्हाव्यात. पुण्याच्या हग्गादाची चित्रांसह नवी आवृत्ती निघावी. राजपूरकरांची भाषांतरं मराठी आणि हिब्रू दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकांनी टिपांसह संपादित करावीत, आणि त्या टिपांमध्ये इस्सेर्लिसनी केलं तसं 'कोकणात असं करतात' हे प्रत्येक ठिकाणी लिहावं. मलिद्याची गाणी आणि कीर्तनाच्या चाली ज्यांच्या तोंडी आहेत ते लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण सर्वांत आधी व्हायला हवं, कारण पुस्तकं आणखी पाच वर्षं थांबू शकतील, ही माणसं थांबणार नाहीत. हे करायला जाणाऱ्यानं मशिदीतल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या, हजानकडे (प्रार्थना चालवणाऱ्याकडे) जावं तसंच घरातल्या आज्जींकडेही जावं. कुठलं फळ ताटात आधी ठेवायचं, हे बहुधा त्याच सांगू शकतील. आणि सुरुवात रायगडातून करावी. पनवेल, पेण, अलिबाग आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगांमधली कपाटं, विश्वस्तांच्या संमतीनं, येत्या पावसाळ्याआधी उघडून पाहावीत.